निळ्या झाकणाची टाकी: डीईएफ साठवायचं कसं, भरायचं कसं

बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची डिझेल गाडी नवीन घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात एक प्रश्न हमखास विचारतो: "ते युरियाचं पाणी नाही टाकलं तर काय होतं?" हे पाणी म्हणजेच डीईएफ, डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड: धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रव. आधी मीटरवर दिवा लागतो. मग पिकअप पडतो, भरलेली गाडी घाटात रडायला लागते आणि तरीही कानाडोळा केला तर ट्रक रांगण्यापुरताच चालतो. डिझेल कार असेल आणि युरियाची टाकी पूर्ण आटली असेल, तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा चालूच होत नाही. हा बिघाड नव्हे. प्रदूषणाच्या नियमासाठी कंपनीने मुद्दाम तशी व्यवस्था केलेली असते. युरिया भरला की गाडी पुन्हा सरळ होते.

म्हणजे टाकी रिकामी राहिली तर खोळंबा होतो, पण खिशाला मोठं भोक पडत नाही. भोक पडतं ते चुकीचं भरल्याने. आमच्या चार गाड्या आहेत. पहिली बीएस-६ गाडी आली तेव्हा गॅरेजमधल्या पोऱ्याने इंजिन ऑइलचं नरसाळं फडक्याने पुसलं आणि त्याच नरसाळ्याने कॅन ओतला. नरसाळं दिसायला स्वच्छ होतं. पुढे दिवा लागला, टाकी उतरवून धुवावी लागली, पंप बदलावा लागला. चूक त्या पोराची नव्हती, आम्ही कोणी त्याला सांगितलंच नव्हतं. डिझेलच्या धंद्यात हात तेलकट असणं कोणाला खटकत नाही. पण हे तेल नाही, पाणी आहे, तेही बॅटरीत घालतो त्याहून चोखंदळ. तेलाच्या सवयी याला चालत नाहीत. पुढचं सगळं वाचताना एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवा.

हे नेमकं आहे काय

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षार काढून टाकलेलं पाणी. ड्रायव्हर मंडळी याला नुसतं 'युरिया' म्हणतात, कारवाले 'ॲडब्लू' म्हणतात. ॲडब्लू हा जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेचा ट्रेडमार्क आहे, माल एकच. दर्जाचं मानक आयएसओ २२२४१. कॅनवर हा आकडा नसेल तर तो कॅन दुकानातच राहू द्या.

हे द्रव इंजिनात जात नाही, डिझेलमध्येही मिसळत नाही. गरम सायलेन्सरमध्ये त्याचा बारीक फवारा उडतो, उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि तो अमोनिया पुढच्या कॅटॅलिस्टवर (सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या जाळीवर) धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी भिडून त्याचं साधं नायट्रोजन आणि पाणी करतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि ही टाकी अवजड गाड्यांत सर्रास दिसू लागली. त्याआधीच्या बीएस-४ च्या काही ट्रकांतही ती होती. डिझेल एसयूव्हींपैकी एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत ती आहे, पण सगळ्या डिझेल कारमध्ये नाही. तुमच्या गाडीत आहे का, हे पुस्तिकेत बघा किंवा डिझेलचं झाकण उघडून शेजारी निळं झाकण दिसतं का ते पाहा. काही कारमध्ये ते दुसरीकडेही असतं.

आधी हिशेब, मग खरेदी

मोठ्या ट्रकला डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के युरिया लागतो. समजा गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि दिवसाला ४०० किलोमीटर धावते. डिझेल १०० लिटर, युरिया ४ लिटरच्या आसपास. म्हणजे २० लिटरचा कॅन पाच दिवस पुरतो आणि महिन्याला २५ दिवस गाडी चालली तर १०० लिटर लागतात. अशा दोन गाड्या असतील तर २१० लिटरचं पिंप महिनाभरात संपतं. दोन गाड्यांच्या मालकाला कोणी १,००० लिटरची पिंजऱ्यातली टाकी 'स्वस्त पडेल' म्हणून गळ्यात मारत असेल तर लक्षात घ्या, ती पाच महिने पुरेल. फेब्रुवारीत घेतली तर आख्खा उन्हाळा ती तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढणार.

कारचा खर्च याहून फारच कमी. कारवाल्याने घरी साठा करायची गरजच नाही. सूचना आली की एक कॅन आणायचा आणि भरून मोकळं व्हायचं.

हा खपाचा आकडा वहीत लिहून ठेवण्याचा आणखी एक फायदा. खप अचानक निम्म्यावर आला तर आनंद मानू नका. एकतर फवारा उडवणारं नोझल तुंबलंय, नाहीतर कोणीतरी पाणी घालतंय. खप एकदम वाढला तर कुठेतरी गळतंय, किंवा कॅन वाटेत विकला जातोय.

विकत घेताना

कॅनवर उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक असतो, तो बघा. सील फुटलेलं नको. कॅन फुगलेला नको. दुकानदाराने कॅन बाहेर उन्हात रचून ठेवले असतील तर दुसरं दुकान शोधा, तारीख कितीही ताजी असो. चांगलं द्रव पाण्यासारखं नितळ असतं. कुणी 'ओरिजिनल निळं असतं' म्हणून निळसर पाणी दाखवलं तर हसून निघून या. निळं असतं ते झाकण.

आता त्या विषयाकडे, ज्याच्याबद्दल ढाब्यावर सगळ्यात जास्त ज्ञान वाटलं जातं. "अरे, शेतातला युरियाच आहे, पोतं आणायचं, पाण्यात ढवळायचं, झालं डीईएफ." ऐकायला पटतं. आपल्यापैकी निम्म्या मालकांची शेती असते, ४५ किलोची गोणी घरात असतेच. पण खताचा युरिया आपल्या देशात कडुनिंबाचं तेल लावून येतो, म्हणजे टाकीत पहिल्याच घोटाला तेल गेलं. दुसरं, युरिया बनताना त्यात बाययुरेट नावाचं एक द्रव्य तयार होतं. खतात ते दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. हे बाययुरेट सायलेन्सरमध्ये नीट जळत नाही, त्याचे खडे होतात. तिसरं, बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम. आपल्या भागात पाण्याच्या टाकीला जो पांढरा थर चढतो तोच कॅटॅलिस्टच्या जाळीवर चढणार. शिवाय शेतकऱ्यासाठी अनुदानावर आलेलं खत अशा कामाला वळवणं हा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे.

काही जण म्हणतात, आमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे, आम्ही तपासून घेतो. हे खिशात मावणारं यंत्र उपयोगी आहेच. काचेवर दोन थेंब टाकायचे, डोळा लावायचा, ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या मध्ये रेघ आली तर प्रमाण बरोबर. पाणी मिसळलेला माल त्यात लगेच पकडता येतो. पण ते फक्त युरियाचं प्रमाण सांगतं, युरिया कुठला ते सांगत नाही. शेतातला युरिया नीट मोजून विरघळवला तरी रेघ बरोब्बर साडेबत्तीसवर येते! बनावट माल विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून यंत्रापेक्षा बिलावर भरवसा ठेवा: पंपावरून, गाडीच्या कंपनीच्या किंवा ओळखीच्या वितरकाकडून पक्क्या बिलावर घ्या आणि बिलावर बॅच लिहून घ्या. उद्या कॅटॅलिस्ट खराब झाला आणि वॉरंटीचा वाद निघाला तर तुमच्या हातात तोच कागद असेल.

साठवण: ऊन, धूळ आणि पितळ

डीईएफ किती टिकतं हे तापमानावर ठरतं. २५ अंशांपर्यंत साठवलं तर दीड वर्ष, ३० अंशांपर्यंत वर्षभर, ३५ अंशांपर्यंत सहा महिने. त्यापुढे आयुष्य झपाट्याने घटतं. आता आपला उन्हाळा आठवा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ ओलांडतो, आणि पत्र्याच्या शेडमधलं तापमान तर कोणी मोजायलाही जात नाही. तिथे ठेवलेल्या कॅनवरची 'अठरा महिने' ही ओळ वाचून समाधान मानण्यात अर्थ नाही. उष्णतेने युरिया हळूहळू फुटतो, अमोनिया सुटतो, कॅन फुगतो, उघडताना नाकाला झणका बसतो. असा कॅन वापरू नका.

तर मग ठेवायचं कुठे? विटांच्या भिंतीची, उत्तरेकडची, ऊन न येणारी खोली सगळ्यात चांगली. ती नसेल तर कार्यालयाचा कोपरा चालेल. हे पेट घेत नाही, त्यामुळे डिझेलसारखी आगीची भीती नाही. जमिनीवर थेट न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. जुना माल पुढे, नवीन मागे. मार्च ते जून साठा कमी ठेवा, पंधरा-वीस दिवसांपुरता. एरवी महिन्याभराचा पुरे. अगदी शून्य साठाही नको, कारण पुरवठा अडकू शकतो: २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाची निर्यात आवळली तेव्हा चीनवरच विसंबलेल्या दक्षिण कोरियात ट्रकवाल्यांना याच पाण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या होत्या.

भांड्याचं काय? एचडीपीई प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टील चालतं. तांबं, पितळ, जस्त, ॲल्युमिनियम, साधं लोखंड, गॅल्व्हनाइज्ड पत्रा यांतलं काहीही चालत नाही. हे द्रव या धातूंना खातं आणि विरघळलेला धातू जाऊन कॅटॅलिस्टवर बसतो. पिंप प्लास्टिकचंच असतं, फसगत होते ती नळाशी. पिंपाला तोटी हवी म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पितळी तोटी आणून बसवली की संपलं. डिझेल काढायचा हातपंपही नको. त्याच्या आतले भाग कशाचे आहेत हे बाहेरून कळत नाही आणि तेलाचा ओशटपणा तर असतोच. डीईएफसाठीचा वेगळा पंप मिळतो, तो घ्या आणि त्यावर रंगाने 'युरिया' लिहा.

उघडलेल्या पिंपाचं तोंड बंद राहिलं पाहिजे. खडीच्या, सिमेंटच्या गाड्या असतील तर अंगणातली धूळ हाच सगळ्यात मोठा शत्रू.

कॅन केबिनमध्ये किंवा डिकीत घेऊन फिरायची सवय मात्र सोडा. बंद गाडी उन्हात किती तापते ते सांगायला नको. लांबच्या फेरीला एक सीलबंद कॅन सोबत हवाच असेल तर सावलीच्या बाजूला, उभा, घट्ट बांधून ठेवा आणि परतल्यावर उतरवा. आडवा पडून डिकीत सांडला तर गालिचा वाळल्यावर पांढरा होतो आणि वास किती दिवस राहतो ते आमच्या मेहुण्याला विचारा.

भरायची पद्धत

पहिल्यांदा भरत असाल तर घाई नको, दहा मिनिटं काढा.

१. गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन बंद, चावी बंद. नुकतीच लांबून आली असेल तर सायलेन्सर निवू द्या. बऱ्याच ट्रकांत ही टाकी त्याच्यापासून फार लांब नसते.

२. हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. तेलाचे हातमोजे काढून ठेवा.

३. झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतालची माती ओल्या फडक्याने पुसा. हे आधी करायचं. झाकण काढल्यावर पुसलं तर ती माती आतच जाते.

४. झाकण निळं आहे ना, आणि त्यावर डीईएफ किंवा ॲडब्लू लिहिलंय ना, हे मोठ्याने वाचा. हसू नका. रात्री दोन वाजता, झोपेच्या तारेत, शेजारी-शेजारी दोन टाक्या असतात.

५. झाकण हळू फिरवा. उन्हाळ्यात अमोनियाचा वास येतो, तोंड बाजूला ठेवा.

६. कॅनसोबत येणारी नळी वापरा. नरसाळं वापरणार असाल तर ते फक्त याच कामाचं असावं, आणि आधी थोडं डीईएफ त्यातून बाहेर ओतून ते खंगाळून घ्या. नळाच्या पाण्याने धुवून लगेच वापरू नका. थेंब वाया गेलेले परवडतात.

७. हळू ओता, गळ्यापर्यंत भरू नका. वर थोडी जागा राहू द्या. पंपावरच्या नळीने भरत असाल तर ती आपोआप थांबते. थांबल्यावर आणखी दाबत बसू नका.

८. झाकण घट्ट लावा. सांडलेलं साध्या पाण्याने लगेच धुवा. रंगावर, बोल्टवर, आणि विशेषतः वायरिंगच्या जोडावर ते राहू देऊ नका. ते फटीतून आत शिरतं आणि तांब्याची तार खातं. हाताला लागलं तर धुतलं की झालं, डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा.

९. चावी फिरवा, इंजिन लगेच चालू न करता मीटरकडे बघा. पातळी दिसायला काही गाड्या वेळ घेतात, काहींना थोडं चालवावं लागतं. अगदी दोन-तीन लिटर टाकले तर काही गाड्या त्याची दखलच घेत नाहीत, म्हणून भरताना निदान एक कॅन भरा.

पंपावरच्या डीईएफच्या नळीचं तोंड १९ मिलिमीटरचं असतं आणि डिझेलचं त्याहून जाड, त्यामुळे डिझेलची नळी या टाकीत सहसा शिरत नाही. हे संरक्षण फक्त पंपावर. कॅन आणि नरसाळं कुठेही शिरतं.

चुकीच्या टाकीत गेलं तर

दोन्ही प्रकारांत नियम एकच: चावी फिरवू नका. इंजिन तर नाहीच, नुसती इग्निशनही नाही, कारण चावी फिरताच पंप कामाला लागू शकतो आणि टाकीत असलेली चूक नळ्यांमध्ये पोहोचते.

डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं असेल तर ते जड असल्याने तळाशी जाऊन बसतं, आणि डिझेल नेमकं तळाजवळूनच ओढलं जातं. इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर हे गाडीतले सगळ्यात महागडे भाग. ते पाण्याने गंजतात आणि युरियाच्या खड्यांनी अडकतात. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करणं हाच उपाय. 'थोडंच गेलंय, वरून डिझेल टाक' असं सांगणारा माणूस बिल भरायला येत नसतो.

उलट, डिझेल डीईएफच्या टाकीत गेलं तर ते वर तरंगतं. तिथली रबरं पाण्यासाठी बनवलेली असतात, तेलाने ती फुगतात. चमचाभर गेलं तरी टाकी रिकामी करून धुवून घ्या.

आणि पाणी? दिवा लागलाय, जवळ कॅन नाही, म्हणून बाटलीतलं पाणी टाकायचा मोह होतो. गाडी पातळीबरोबर द्रवाचा दर्जाही तपासते, धुरातला सेन्सरही चुगली करतो. तासाभराची सोय होते आणि मग वेगळाच दिवा लागतो. अशा वेळी पुढच्या पंपापर्यंत हळू जाणं शहाणपणाचं. सगळी यंत्रणाच 'बायपास' करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही जाते.

रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी

इंजिन बंद केल्यावर टाकीकडून बारीक घरघर ऐकू येते. तेव्हा यंत्रणा नळीतलं उरलेलं द्रव मागे टाकीत ओढून घेत असते. आपल्याकडे ट्रक उभा केला की लगेच बॅटरीचा कट-ऑफ फिरवायची शिस्त आहे, चोरीच्या आणि शॉर्टच्या भीतीने. इथे ती शिस्त नडते. द्रव नळीतच राहतं, वाळतं, नोझलला पांढरे खडे धरतात. घरघर पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. तुमच्या गाडीला किती वेळ लागतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आमच्याकडे ड्रायव्हरला सांगितलंय, आधी टायर बघ, ताडपत्री बघ, मग कट-ऑफ.

झाकणाभोवती मिठासारखी पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ते वाळलेलं युरियाच. कोमट पाण्याने विरघळतं. पेचकसाने खरवडू नका, पूड आत पडते. पुन्हा-पुन्हा त्याच जागी, नळीच्या जोडाशी वगैरे दिसत असेल तर मात्र तिथे गळती आहे.

गोठण्याची काळजी महाराष्ट्रात करायची गरज नाही, ते उणे ११ अंशांना गोठतं. पण माल घेऊन हिवाळ्यात लडाखकडे जाणार असाल तर टाकी काठोकाठ भरू नका, गोठताना ते फुगतं. सकाळी गोठलेलं आढळलं तरी गाडी चालू होते; टाकी आतून तापवायची सोय असते आणि ते आपोआप वितळतं. वितळलेलं द्रव पुन्हा पहिल्यासारखंच असतं. स्टोव्ह लावायला जाऊ नका.

राहिले रिकामे कॅन. आपल्याकडे २० लिटरचा धड कॅन कोणी टाकत नाही. त्यात पिण्याचं पाणी भरू नका. कोणी डिझेल आणायला नेला तर त्यावर मोठ्या अक्षरात 'डिझेल' लिहा, जुनं लेबल फाडून टाका, आणि तो कॅन युरियाच्या खोलीत परत येऊ देऊ नका.